कोणाला प्रिंट काढावीच लागणार नाही असं ई-बुक घरच्या घरी कसं करायचं

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या बाजूच्या जुन्या मराठी घरांत लिहिलेलं खूप काही पडून आहे. आजीची ओव्यांची वही, आजोबांच्या नोकरीतल्या आठवणी, कुणाचं कीर्तनाचं आख्यान, कुणी वर्षानुवर्षं खपून जमवलेला कुळवृत्तांत. नातवंडं म्हणतात याचं पुस्तक करूया, मग प्रेसमध्ये विचारायला गेलं की उत्तर येतं ५०० कॉपीच्या खाली रेट बसत नाही, आणि आपण पण म्हणतो ठीक आहे, होऊ दे ५००. समारंभात थोड्या वाटल्या जातात, थोड्या पाहुण्यांबरोबर पुण्याला जातात, बाकीचे गठ्ठे माळ्यावर चढतात आणि घर रीडेव्हलपमेंटला गेलं की पस्तीवाल्याच्या, म्हणजे रद्दीवाल्याच्या, तराजूत. एवढ्या प्रेमाने लिहिलेलं पस्तीत जाताना मला बघवत नाही, आणि कागद गेला त्याचं दुःख वेगळंच.

गणित मांडून बघा. १६० पानांचं साधं पुस्तक, ए५ साइझ, ७० जीएसएम कागद. एका ए४ कागदावर दोन्ही बाजू मिळून ए५ ची चार पानं बसतात, म्हणजे एका कॉपीला ४० कागद, ५०० कॉप्यांना २०,००० कागद, झेरॉक्सच्या दुकानात मिळतात तशा ५०० कागदांच्या ४० रिमा. वजन साधारण ८७ किलो, आणि यात कव्हर धरलेलं नाही, मशीन लावताना वाया जाणारे ताव आणि कटिंगचे तुकडे पण नाहीत. त्याच पुस्तकाची बिनफोटोची ईपब (ई-बुकची) फाइल बहुतेक वेळा १ एमबीच्या आत असते. आता मोबाइल आणि सर्व्हरला वीज लागतेच, डिजिटल म्हणजे शून्य खर्च असं अजिबात नाही, म्हणून यासाठी नवा टॅब किंवा किंडल घ्यायला जाऊ नका, घरात जो फोन आहे त्याच्यावरच वाचता येईल असं पुस्तक करायचं.

पण एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. वहीच्या पानांचे मोबाइलने फोटो काढले, त्यांचा पीडीएफ केला आणि ग्रुपवर टाकला, याला ई-बुक म्हणत नाहीत. असा पीडीएफ उघडला की अक्षर मुंगीएवढं दिसतं, मोठं करावं तर ओळ स्क्रीनच्या बाहेर पळते, दोन पानांत डोळे दुखतात, आणि मग काका तोच पीडीएफ झेरॉक्सवाल्याकडे नेऊन एका बाजूने प्रिंट काढून आणतात. म्हणजे प्रेसमधला कागद वाचला आणि झेरॉक्सच्या दुकानात दुप्पट गेला. त्यामुळे पुढे प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच विचारायचं, हे बघून घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला प्रिंट काढावीशी वाटेल का? वाटेल असं असेल तर तो टप्पा परत करायचा.

सुरुवात हक्कांपासून, कारण शेवटी हे आठवलं तर भांडणं होतात. भारतात कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि तो वारल्यानंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून पुढे ६० वर्षं असतो. आजोबांचं लिखाण हयातीतच छापून आलेलं असेल आणि ते १९६० मध्ये गेले असतील तर हक्क २०२० च्या शेवटापर्यंत, १ जानेवारी २०२१ पासून मजकूर सगळ्यांना खुला. हयातीत न छापलेल्या वहीची ६० वर्षं मात्र ती पहिल्यांदा प्रकाशित होते त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर १९३७ साली गेले, त्यांच्या कविता केव्हाच खुल्या झाल्यात, त्या कुणीही नीट टाइप करून नेटवर ठेवू शकतो आणि ठेवाव्यात असं मला फार वाटतं. पण आजोबांना जाऊन वीसच वर्षं झाली असतील तर हक्क वारसांचे, म्हणजे एकट्या तुमच्या बाबांचे नाहीत, आत्या आणि काकांचे पण. सगळ्यांची एका कागदावर सही घ्या, ई-बुक काढायला हरकत नाही आणि पैसे आले तर कुणाला किती, एवढं लिहिलं तरी पुरतं. आणि पत्रं छापणार असाल तर लक्षात ठेवा, पत्र तुमच्या कपाटात असलं तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो.

आता मुख्य काम, मजकूर युनिकोडमध्ये आणणं, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीने टाइप केलेला. वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो आणि इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं.

वही हाताने लिहिलेली असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे बोलून टाइप करणं. फोनवर जीबोर्डचा (गूगलच्या कीबोर्ड ॲपचा) मराठी कीबोर्ड घ्या, गूगल डॉक्स उघडा, माइक दाबा आणि एक एक परिच्छेद वाचत जा. ज्यांची वही आहे ते हयात असतील तर त्यांनाच वाचायला सांगा, वाचता वाचता ते चार गोष्टी जास्तीच्या सांगतात त्या पण लिहून घ्या. फक्त एक सांभाळायचं, फोनला आपली बडोदी मराठी नीट कळत नाही. ओटला (ओटा), हिंचका (झोपाळा), पस्ती असले शब्द आले की तो काहीतरी भलतंच टाकतो, किंवा टाइप करून देणारा हुशार माणूस ते "शुद्ध" करून टाकतो. करू देऊ नका. आजी ओटल्यावर बसायची तर पुस्तकात पण ओटल्यावरच बसली पाहिजे.

जुनं छापलेलं पुस्तक असेल तर ३०० डीपीआयला स्कॅन करा, पान सपाट, सावली नको. गूगल ड्राइव्हवर टाकून "गूगल डॉक्समध्ये उघडा" केलं की चित्राखाली मजकूर निघतो, मराठीसाठी चांगलं काम देतं, फक्त अख्खं पुस्तक एकदम टाकू नका, थोडी थोडी पानं द्या. पानं खूपच असतील आणि घरात कॉम्प्युटर जाणणारं कुणी असेल तर टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मराठी आहे. दोन्हीत घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतात, हे धरूनच चला. जुन्या पुस्तकात "नाहीं", "कांहीं" असे न उच्चारले जाणारे अनुस्वार दिसतील, १९६२ च्या नियमांनी ते गेले. ते ठेवायचे की काढायचे? माझं मत असं की कवीचं किंवा अभ्यासकाचं जुनं छापील पुस्तक असेल तर होतं तसं ठेवा, घरच्या आठवणी असतील तर आजच्या लेखनाप्रमाणे करा म्हणजे पोरांना अडखळायला होणार नाही.

तिसरा प्रकार, पुस्तक दहा-पंधरा वर्षांपूर्वी छापलेलं आहे आणि प्रेसमध्ये फाइल आहे. फाइल जरूर मागा, पण ती बहुतेक पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली आणि श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फॉन्टमधली असणार. ओळखायची सोपी युक्ती, फाइलमधला एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा, मराठी राहिला तर युनिकोड आहे, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी झाली तर नाही. खिचडी झाली म्हणून परत टाइप करायला बसू नका, या फॉन्टांचे युनिकोड कन्व्हर्टर मिळतात, पण कन्व्हर्ट केल्यावर रफार आणि पहिली वेलांटी शब्दाशब्दाने तपासा, तिथेच जास्त मोडतं. आणि "दुसऱ्या", "वाऱ्यावर" मधला तो अर्धा र. तो दोन वेगवेगळ्या पद्धतीने टाइप होतो, डोळ्यांना सारखा दिसतो पण शोधायला गेलं की अर्धे शब्द सापडत नाहीत. फाइंड-रिप्लेसने सगळीकडे एकच पद्धत करून टाका. एवढी कटकट कशासाठी, तर कुळवृत्तांतात माणूस आपल्या पणजोबांचं नाव शोधणार आणि ते सापडलं नाही तर तो परत छापील प्रत मागणार.

प्रूफ. इथे लोक सवयीने प्रिंट काढतात, एक प्रूफ, दुसरं प्रूफ, फायनल प्रूफ, तीन वेळा १६० पानं. याची गरज नाही. गूगल डॉक्सची लिंक पुण्याच्या मावशीला आणि कॅनडाच्या भाच्याला द्या, "सजेस्ट" मोडमध्ये, म्हणजे त्यांनी केलेली दुरुस्ती वेगळ्या रंगात दिसते आणि घ्यायची की नाही हे तुमच्या हातात राहतं. प्रत्येकाला दोन-दोन प्रकरणं वाटून द्या, सगळ्यांना सगळं दिलं की कुणीच वाचत नाही. शेवटी फोनला मजकूर मोठ्याने वाचायला लावा, अँड्रॉइडमध्ये "सिलेक्ट टू स्पीक" आहे, मराठी आवाज आहे, आणि डोळ्यांना न दिसलेली चूक कानाला पटकन लागते कारण "धर" आणि "घर" ऐकताना लपत नाही.

हे ऐकण्याचं बडोद्यात अजून एक महत्त्व आहे. आपली बरीच मुलं गुजराती किंवा इंग्लिश मीडियममध्ये शिकलीत, घरी मराठी फाडफाड बोलतात, शाळेत हिंदी असल्यामुळे देवनागरी येते पण मराठी पुस्तक वाचायचं म्हटलं की हळू वाचतात आणि सोडून देतात. खरा मजकूर असेल तर ती ऐकू शकतात, फोटोंच्या पीडीएफला हे जमत नाही. आणि ज्यांना गुजराती लिपीच जवळची आहे त्यांच्यासाठी अक्षरमुख नावाचं फुकट टूल आहे, ते युनिकोड मराठी मजकूर गुजराती लिपीत काढून देतं. भाषा मराठीच, अक्षरं गुजराती. एकदा वाचून तपासावं लागतं, विशेषतः तोच "ऱ्य", पण याच्यासाठी वेगळी आवृत्ती छापायची म्हटली असती तर किती कागद लागला असता विचार करा.

मांडणीत जास्त कलाकुसर नको. प्रकरणाच्या नावाला "हेडिंग १" स्टाइल द्या, नुसतं बोल्ड करून मोठं करू नका, कारण अनुक्रमणिका त्या स्टाइलवरून आपोआप बनते. जागा सोडायला एंटर एंटर एंटर मारू नका, स्पेस मारून मध्यभागी आणू नका, फोनवर ते सगळं विस्कटतं. कविता आणि ओव्यांत ओळ संपली की शिफ्ट-एंटर, कडवं संपलं की एंटर. डॉक्युमेंटची भाषा मराठी निवडा, आणि फॉन्ट घ्यायचाच असेल तर मुक्त लायसनचा घ्या, टिरो देवनागरी मराठी, मुक्ता, नोटो असे बरेच आहेत. टिरोत ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही, वयस्कर वाचकांना तो फरक जाणवतो. विकतचा फॉन्ट लायसन न बघता फाइलमध्ये घालू नका.

वंशावळीचा तो मोठ्ठा तक्ता असतो ना, चार घड्या उलगडायचा, तो फोनवर चालत नाही. त्याऐवजी पिढीप्रमाणे परिच्छेद करा आणि प्रत्येक नावाला लिंक द्या, नावावर बोट ठेवलं की त्या माणसाच्या माहितीवर जाता येतं. करायला दोन-तीन रविवार जातील पण कुळवृत्तांत कागदापेक्षा फोनवर जास्त चांगला वाटायला लागतो तो यामुळेच.

फाइल दोन प्रकारची काढा. पहिली ईपब, यात वाचणारा अक्षर हवं तेवढं मोठं करतो आणि ओळी आपोआप नव्याने बसतात, चष्म्याच्या नंबरप्रमाणे पुस्तक. गूगल डॉक्समध्ये फाइल, डाउनलोड, ईपब असं केलं की मिळते, लिब्रेऑफिसमधूनही निघते, बारीक दुरुस्तीसाठी सिजिल हे फुकट सॉफ्टवेअर आहे. दुसरी पीडीएफ, ज्यांना ईपब उघडताच येत नाही त्यांच्यासाठी, पण ती ए४ ची नको, पान ए६, अक्षर १६ पॉइंट, कडेचा समास अगदी थोडा, म्हणजे फोन उभा धरून झूम न करता वाचता येते. कव्हर उभं, १६०० बाय २५६० पिक्सेल, नाव एवढं मोठं की अंगठ्याच्या नखाएवढ्या चित्रात पण वाचता यावं. मग ती फाइल घरातल्या सगळ्यात स्वस्त अँड्रॉइडवर उघडून बघा, एका आयफोनवर बघा. आणि आजीच्या हातात फोन देऊन गप्प बसा, ती कुठे अडते ते नुसतं बघा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, पैसे घेऊन काढून देतो म्हणणाऱ्यांची गरज नाही. ई-बुकला वेगळा नंबर, छापील प्रतीला वेगळा. नुसतं घरच्यांमध्ये वाटायचं असेल तर नंबर नसला तरी अडत नाही, अॅमेझॉन पण ई-बुकला मागत नाही.

विकायचं असेल तर अॅमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे आपलं पुस्तक आपणच विकायला ठेवायच्या सोयीत, मराठी चालतं, पॅन आणि बँकेचे डिटेल्स लागतात, फाइल ईपब किंवा वर्डची (.docx) द्यायची. रॉयल्टी ३५ टक्के किंवा ७० टक्के, पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्ट या त्यांच्या योजनेत जावं लागतं, आणि त्यात गेलं की ९० दिवस डिजिटल पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, फुकट सुद्धा नाही. फॅमिली ग्रुपवर पीडीएफ फिरवायची असेल तर सिलेक्टवर टिक करू नका. गूगल प्ले बुक्स ईपब आणि पीडीएफ दोन्ही घेतं, पुण्याच्या बुकगंगावर मराठी वाचक आधीपासून आहेत. माझं स्पष्ट मत विचाराल तर आठवणी, ओव्या, कुळवृत्तांत असलं काही विकायच्या भानगडीत पडूच नये, वाचक मोजके असतात आणि किंमत लावली की तेही थांबतात. ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकं फुकट वाचकांपर्यंत पोचवतं, तिथे विचारा, आणि इंटरनेट अर्काइव्हवर स्वतः चढवा, तिथली लिंक पुढे कुणालाही देता येते.

व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल पाठवण्यापेक्षा लिंक पाठवा, चूक सापडली की लिंकमागची फाइल बदलता येते, पाठवलेली फाइल मात्र तशीच चुकीची फिरत राहते. लिंकबरोबर दोन ओळी लिहा, आयफोनवर ॲपल बुक्समध्ये उघडते, अँड्रॉइडवर प्ले बुक्समध्ये. प्रकाशन समारंभ करायचा असेल तर जरूर करा, दाराशी एका बोर्डावर क्यूआर कोड लावा, दोन कॉलेजची मुलं उभी करा जी आलेल्या काका-काकूंच्या फोनमध्ये पुस्तक उतरवून आणि अक्षर मोठं करून देतील. लोक घरी जाताना पुस्तक घेऊनच जातात.

आणि छापूच नका असं मी म्हणत नाही. ज्यांना स्क्रीन खरंच जमत नाही असे चार-पाच वयस्कर असतात, त्यांच्यासाठी आणि लायब्ररीसाठी थोड्या प्रती डिजिटल प्रिंटिंगवर काढा, तिथे ५०० ची सक्ती नसते, वीस-पंचवीस पण होतात. आधी ग्रुपवर विचारा कुणाला छापील हवीच आहे, नावं लिहून घ्या, तेवढ्याच. पुस्तक प्रकाशित म्हणून छापलं तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि एक-एक चेन्नईच्या कोनेमारा, मुंबईच्या सेंट्रल लायब्ररी आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीला ३० दिवसांत पाठवायची असते, त्या चार धरून चला. एक आपल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीला द्या. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून या शहरात लायब्ररीची घडी बसवली, पुढे पेट्यांमधून पुस्तकं गावोगाव फिरायला लागली, एका प्रतीला कितीतरी वाचक. कागद वाचवायचा तो खरा जुना रस्ता आहे आणि आपल्या गावाला तो शंभर वर्षांपासून माहीत आहे, तेव्हा छापलेली प्रत कुणाच्या काचेच्या कपाटात जाण्यापेक्षा लायब्ररीत गेलेली बरी.

शेवटचं काम बरेच लोक करत नाहीत. मूळ डॉक्स फाइल, ईपब, पीडीएफ, कव्हर, फोटो आणि मूळ वहीचे स्कॅन, सगळं एका फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर तीन ठिकाणी, एक ड्राइव्हवर, एक घरच्या पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. कुठल्या ईमेलवरून सगळं चढवलंय आणि पासवर्ड काय हे घरातल्या अजून एका माणसाला लिहून द्या, शक्यतो तुमच्यापेक्षा लहान. मूळ वही मात्र मऊ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, स्कॅन झालं म्हणून ती पस्तीत द्यायची नाही.